दहा पॉइंट दोन

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७

नवी वही, जाड स्केचपेन. साध्या पेनांची शाई कंपन्या हल्ली फिकी करतात.

आजपासून पुन्हा लॅब, सहा वर्षांनी. ज्युनिअर कॉलेजची केमिस्ट्री टीचर बाळंतपणाच्या रजेवर गेली आहे. बारावीची प्रॅक्टिकल्स चार फेब्रुवारीला. शनिवारी प्रिन्सिपल स्नेहलचा फोन आला, मिस, महिनाभर याल का. माझीच विद्यार्थिनी, १९९८ची बॅच. मी विचार करून सांगते म्हटलं आणि तिनं फोन ठेवायच्या आत हो म्हटलं.

ती असंही म्हणाली की प्रॅक्टिकल्स नीट पार पडली तर जूनपासून वर्षभराचं बघू. हे लगेच तेजस्विनीला कळवलं. माझी लेक पुण्याहून दर रविवारी एकच विषय काढते, आई, फ्लॅट बंद कर आणि इकडे ये. आता करार झाला आहे. कॉलेजनं जूनचं पत्र दिलं तर ती पुण्याचं नाव काढणार नाही. नाही दिलं तर मी सामान बांधायचं. करार तिनं केला, पण अट माझ्या सोयीची आहे. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. ह्यांची वेताची खुर्ची इथं बाल्कनीत असते. पुण्याच्या बाल्कनीत ती मावत नाही. मी मोजून आले आहे.

संकल्प: पोरींना तोटीतून अर्धा थेंब सोडायला शिकवणार. कुणालाही रीडिंग ढापू देणार नाही. डॉक्टरांचा कागद रोज बघणार.

कागद म्हणजे चौकटींचा कागद. ऑक्टोबरमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिला, फ्रिजवर लावून रोज एकेका डोळ्यानं बघा म्हणाले. झेरॉक्स इतकी वाईट की मधल्या चौकटी वाकड्या आल्या आहेत आणि मधोमध शाईचा डाग. पुढच्या वेळी सांगणार आहे त्यांना. पुढची वेळ डिसेंबरमध्ये होती. राहून गेली.

संध्याकाळी ६

लॅब तशीच. तोच गॅसचा वास, तेच कडाप्प्याचे ओटे. सावळीरामही तोच. लॅब अटेंडंट, वणीकडचा, मे महिन्यात रिटायर होतो आहे. मला बघून म्हणाला, बाई, तुम्ही आल्या, आता लॅबला शिस्त लागंल. साऱ्या कॉलेजात मला मिस म्हणतात, हा एकटा तीस वर्षं बाई म्हणतो. बोलण्यात टोमणा होता का, कळलं नाही. असेल. १९९८ला मी त्याला मेमो दिलेला आहे. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला हा पोरींच्या मागून जाताना कानात रीडिंग सांगायचा. सगळीकडेच सांगतात. पण माझ्या लॅबमध्ये नाही. त्या वर्षी मी ज्या मुलीला रंगेहाथ पकडून शून्य दिलं ती स्नेहल.

तिनं मनात काही ठेवलेलं दिसत नाही. चहा दिला.

७ जानेवारी, मंगळवार

उद्या पोरींना सांगायचं ते इथं लिहून ठेवते. द्रावणात किती पदार्थ विरघळला आहे ते बघून कळत नाही, चव घेऊन तर नाहीच. मोजावं लागतं. खाली फ्लास्कमध्ये मोहर्स सॉल्टचं दहा मिली द्रावण, ज्याची तीव्रता ठाऊक आहे. वर ब्युरेटमध्ये, म्हणजे रेघा आखलेल्या काचेच्या नळीत, जांभळं परमँगनेट, ज्याची ठाऊक नाही. तोटी फिरवून थेंब थेंब सोडायचं. रंग येतो आणि जातो, येतो आणि जातो. मग एका थेंबाला फिकट गुलाबी येतो आणि राहतो. तिथं हात थांबला पाहिजे. किती मिली लागलं ते वाचायचं. लागोपाठ तीनदा तोच आकडा आला की कॉन्स्टंट रीडिंग. त्यावरून हिशेब.

टायट्रेशन म्हणजे एवढंच. हे मला सिस्टर युफ्रेशियांनी शिकवलं. मखमलाबादच्या झेंडूच्या मळ्यातून बाबा मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून कॉन्व्हेंटला सोडायचे. फ्रॉकला फुलांचा वास यायचा आणि मुली हसायच्या. सिस्टरनी एकदा फ्लास्क माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाल्या, योगिनी, हा रंग बघ, तुझ्या बाबांच्या मळ्यात असा एकही नाही. तो रंग मी अजून विसरलेले नाही. गुलाबी म्हणावा इतकाही तो गुलाबी नसतो.

१० जानेवारी, शुक्रवार

अख्ख्या बॅचपुढे करायच्या आधी स्वतः करून पाहिलं. १०.८, ११.३, १०.९. कॉन्स्टंट नाही. आकडे पोरींना वाचायला लावते, त्यांना सवय व्हावी म्हणून.

कारणं. ट्यूबलाइट जुनी. परमँगनेट शिळं. नव्या ब्युरेटवरच्या रेघा मध्यावर चक्क वाकलेल्या आहेत. सावळीरामला दाखवलं. त्यानं ब्युरेट उजेडाकडे धरली, माझ्याकडे बघितलं, परत ब्युरेटकडे बघितलं आणि म्हणाला, कंपनीला लिहा बाई. लिहिणार आहे.

हल्ली सरळ रेघ कुणाला जमत नाही. आमच्या बाथरूमच्या भिंतीच्या फरशा दत्तू गवंड्यानं बसवल्या. दिवाळीत पाहिलं तर मधल्या फरशा पोटात गेल्यासारख्या. त्याला बोलावून झापलं. त्यानं लेव्हल लावली, पाण्यातला बुडबुडा दाखवला आणि म्हणाला, ताई, सूत लावल्यावाणी हायेत. मी म्हटलं, बुडबुड्यापेक्षा माझे डोळे जुने आहेत. तेव्हापासून फोन उचलत नाही.

फ्लास्क बघून सावळीराम असंही म्हणाला की बाई, हे जांभळाच्या सरबतावाणी झालंय. तीस वर्षं लॅबमध्ये काढून माणसाला फिकट गुलाबी ओळखता येऊ नये.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळगूळ केला. गुळाचा पाकही द्रावणच. रंग गडद झाला आणि पाण्यात टाकून गोळी वळली की उतरवायचा. आजवर कधी चुकला नाही. आज गॅसचं प्रेशर जास्त होतं. लाडू लॅबमध्ये नेले. पोरींनी गोड बोलायचं सोडून लाडू पर्समध्ये टाकले. सावळीराम म्हणाला, बाई, ह्याला दात नको, अडकित्ता आणा. स्नेहलनं एक खाल्ला. पूर्ण. ही मुलगी पुढे जाणार असं मी तेव्हाच म्हटलं होतं. नसेन म्हटलं तर आज म्हणते.

१७ जानेवारी, शुक्रवार

परमँगनेट नवं केलं. स्वतः वजन केलं. हाताची बोटं तपकिरी, मोतिया साडीवर चार डाग. व्हिडिओ कॉलवर तेजस्विनीनं विचारलं, आई, हाताला काय. मेंदी म्हटलं. ती म्हणाली, कुणाचं लग्न. म्हटलं, असतात लोकांची. मग अपेक्षेप्रमाणे, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलीस का. म्हटलं, मोतीबिंदू आहे, पिकला की काढू. ती म्हणाली, आई, मी होते ना तुझ्याबरोबर, ते मोतीबिंदू म्हणाले नव्हते. नेटवर्क गेलं. मीच घालवलं.

पण बातमी चांगली आहे. आज १०.२, १०.३, १०.२. नव्या द्रावणाचा परिणाम. सावळीराम दिवसभर माझ्या मागचा ओटा पुसत होता. ओल्या फडक्याचा चर्र चर्र आवाज. म्हटलं, अहो पुरे. म्हणाला, डाग हाय बाई.

शेवटच्या थेंबाला लॅब अशी शांत होते की माझा हात आपोआप थांबतो. सिस्टर म्हणायच्या, रंग डोळ्यांच्या आधी मनाला कळतो. इतक्या वर्षांनी त्याचा अर्थ लागला.

२० जानेवारी, सोमवार

११.४. ११.१. ११.६.

सावळीराम रजेवर, वणीला भाचीच्या साखरपुड्याला. खिडक्या कुणी लावल्या नव्हत्या. वाऱ्यानं थेंब हलतो. शिवाय परमँगनेट उजेडात तीन दिवस राहिलं. शिवाय सोमवार.

२१ जानेवारी, मंगळवार

सावळीराम आला. खिडक्या लावल्या, ओटा पुसायला लागला. १०.२, १०.२, १०.३. म्हणजे वारा होता हे सिद्ध झालं. शास्त्रात यालाच कंट्रोल म्हणतात.

फ्रिजवरचा कागद काढून ड्रॉवरमध्ये ठेवला होता, परत लावला. शाईचा डाग ओलसरपणानं पसरला आहे.

२५ जानेवारी, शनिवार. दुपारी ३

घाईत लिहिते आहे, म्हणून अक्षर मोठं.

आज स्नेहल स्वतः लॅबमध्ये आली. म्हणाली, मिस, एकदा तुमचं टायट्रेशन बघू द्या, पोरींनाही बघू दे. मला ठाऊक आहे हे बघणं कसलं असतं. जूनचं पत्र असं बघितल्याशिवाय कुणी देत नाही. अठरा पोरी भोवती, स्नेहल समोर, मागे सावळीराम आणि त्याचं फडकं. त्याला आज तरी पुरे म्हणणार होते. राहून गेलं.

१०.२. १०.२. १०.२.

पोरींनी टाळ्या वाजवल्या. तीनही वेळा शेवटच्या थेंबाला तीच शांतता, तोच हात. मळ्यातली नऊ वर्षांची पोर फ्लास्ककडे बघते आहे असं वाटलं.  स्नेहल फ्लास्ककडे बघतच नव्हती, माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. मग म्हणाली, छान, मिस. तिचे डोळे भरले होते. जुने विद्यार्थी हळवे असतात.

येताना कॉलेज रोडवर ह्यांच्या आवडीचा चिवडा घेतला. तेजस्विनीला मेसेज: पुण्यात माझ्यासाठी खुर्ची घेऊ नकोस.

२६ जानेवारी, रविवार

ध्वजवंदन करून आले. डोकं स्वच्छ. यश मिळालं की जबाबदारी वाढते. आपण एक बरोबर केलं म्हणून भागत नाही, भोवतालचं चूक ते काढलं पाहिजे.

स्नेहलला पत्र लिहिलं. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला लॅब अटेंडंटनं लॅबमध्ये थांबू नये. सावळीराम यांना रीडिंग सांगण्याची पूर्वीपासून सवय आहे, त्यांना त्याबद्दल लेखी समज द्यावी. रिटायरमेंटला चार महिने राहिले असताना लिहिणं जड गेलं. पण तत्त्व ते तत्त्व. दोन प्रती केल्या.

३० जानेवारी, गुरुवार

स्नेहलनं पत्र वाचून विचारलं, मिस, नक्की? तुम्हाला लॅबमध्ये ते लागतील. मी म्हटलं, मला कुणी लागत नाही. ती बराच वेळ पेपरवेट फिरवत बसली. म्हणाली, बरं, त्या दिवशी ते बाहेर बसतील. आणि दुसऱ्या कुणा टीचरला मदतीला देऊ का. नको म्हटलं. मदतनीस म्हणजे ढापाढापी.

सराव थांबवला आहे. जमलेली गोष्ट पुन्हा पुन्हा करून बघणं हा अविश्वास झाला.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६

इगतपुरीहून एक्स्टर्नल महेश सर येणार. तरुण आहेत म्हणे. पिवळी साडी. बॅचपूर्वी मी टीचर्स रीडिंग घेऊन पाकिटात देणार आणि त्या आकड्याशी ताडून अठराही पोरींचे मार्क. केवढा विश्वास एका माणसाच्या हातावर.

संध्याकाळी ७

जे झालं ते क्रमानं लिहिते. भावना नकोत.

सावळीराम बाहेर स्टुलावर. दार बंद, खिडक्या बंद. माझं रीडिंग: ११.३, ११.३, ११.४. कॉन्स्टंटच म्हणायचं. शेवटच्या थेंबाची शांतता आली नाही, पण आतून खात्री होती. शिपायाला आकडे वाचायला लावून ११.३ पाकिटात टाकलं.

पोरींचे पेपर आले. १०.२. १०.१. १०.२. १०.३. १०.२. अठराच्या अठरा.

मी महेश सरांना बाजूला घेऊन सांगितलं की हे सामूहिक कॉपीचं प्रकरण आहे. एकाच बॅचमधल्या अठरा पोरींना एकच आकडा येतो, म्हणजे आकडा कुठून तरी आला. बाहेर स्टुलावर कोण बसलं आहे ते बघा. ते म्हणाले, मॅडम, एकाच बाटलीतलं द्रावण आहे, एकच आकडा यायला हवा ना. मी म्हटलं, सर, तुम्ही नवीन आहात. बोर्डाला कळवा, बॅच रद्द करा. एक मुलगी रडायला लागली. मग सगळ्याच. एक म्हणाली, मिस, तुम्हीच शिकवलं ना असं.

स्नेहल आली.  बाह्या सरसावल्या, फ्लास्क घेतला आणि उभ्यानं टायट्रेशन केलं. १०.२. मग महेश सरांनी केलं. १०.२. सरांनी माझं पाकीट उघडलं, वाचलं आणि परत बंद केलं. फार सभ्यपणे. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

पोरींचे मार्क वाचले. १०.२ धरून दिले. हे आधी लिहायला हवं होतं.

सकाळी तापमान कमी होतं. तापमानानं आकारमान बदलतं. याचा कुणी विचारच केला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

तापमानानं एवढं बदलत नाही.

स्नेहलनं ऑफिसात बोलावलं. दार लावलं. म्हणाली, मिस, पंचवीस तारखेला मी मामांकडे बघत होते. सावळीरामला ती मामा म्हणते. म्हणाली, रंग आला की ते फडकं थांबवायचे आणि तुमचा हात थांबायचा. तीनदा.

मी म्हटलं, काहीतरीच.

ती म्हणाली, ९८ साली तुम्ही मेमो दिलात तेव्हापासून त्यांनी तोंड बंद केलं. पण ज्या पोरीचा हात भीतीनं थरथरायचा, तिच्या मागचा ओटा पुसायला लागायचे. बोलणं बंद झालं, पुसणं नाही. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तुम्हाला नव्हतं. माझी पुन्हा परीक्षा झाली, तेव्हा मी तशीच पास झाले, मिस.

जूनबद्दल तिनं काही म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. लॅबच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. तिनं लगेच उचलल्या नाहीत, एवढं बरं वाटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तेजस्विनीला फोन केला. प्रॅक्टिकल्स नीट पार पडली म्हटलं, ते खोटं नाही. तिनं जूनचं विचारलं. म्हटलं, पुण्याला खुर्ची नको, पण एखादं स्टूल मावेल का बघ.  ती म्हणाली, आई, बाल्कनीची कुंडी काढू, बसेल खुर्ची. पुष्कळ दिवसांनी तिच्याशी भांडले नाही. वाईट वाटलं.

संकल्प: काही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी

सावळीराम आले. पहिल्यांदाच घरी. पिशवीत माझी पांढरी टाइल, फ्लास्कखाली ठेवायची, तिच्यावर रंग नीट दिसतो म्हणून मी १९९१ला घेतलेली. म्हणाले, बाई, ऱ्हायली होती. आणि एक पाकीट. स्नेहलनं दिलेलं, माझं मला परत. वरचं अक्षर मोठं होतं, माझंच. सव्वीस तारखेचं पत्र. फोडलेलं, पण पुढे कुठेच न गेलेलं. त्यांनी वाचलं का, विचारवलं नाही. ते म्हणाले, मॅडम म्हणाल्या नुसतं पोचवा, म्हून पोचवलं.

चहा केला. साखर दोनदा पडली. त्यांनी मुकाट्यानं प्यायला.

मी विचारलं, सांगितलं का नाहीत मला. म्हणाले, काय सांगायचं बाई. कानात सांगितलं तर मेमो दिला. मोठ्यानं सांगितलं असतं तर नोकरी घेतली असती. मग स्वतःच हसले. म्हणाले, आन तुम्हाला नाय दिसत हे तुम्हाला सांगणारा मी कोण. पोरींचं बरं, त्यांना तरी ठाऊक ऱ्हायचं आपलं चुकतंय.

मी म्हटलं, रंग कसा असतो हो, शेवटचा.

त्यांनी कप बाजूला ठेवला. म्हणाले, लय फिका. नखावाणी. तान्ह्या लेकराच्या.

बरोबर आहे. तसाच असतो.

जायला निघाले तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात थांबवलं. फ्रिजवरचा कागद दाखवला. म्हटलं, हे जरा बघा, झेरॉक्स बिघडली आहे ना, मधल्या रेघा वाकड्या आल्यात, आणि मध्ये डाग. त्यांनी कागदाजवळ तोंड नेलं. चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, डाग नाय बाई. रेघाबी सरळ हायेत. फुटपट्टीनं मारल्यावाणी.

मी दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. मग एकेकानं पाहिलं, डॉक्टर म्हणाले होते तसं.

ते गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन भिंतीवरून हात फिरवला. खालपासून वरपर्यंत, प्रत्येक सांधा सरळ.

दत्तू गवंड्याला फोन करायला हवा. माझ्या नंबरवरून तो उचलणार नाही.